एकटीचा फोटो

डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या घराला समोरून दोन दारं होती, एक माणसांचं आणि एक गाडीचं. माणसांच्या दारातून आठवडेच्या आठवडे कुणी आत यायचं नाही. गाडीचं दार मात्र सकाळ-संध्याकाळ घरघरत वर जायचं आणि घरघरत खाली यायचं, आणि त्या आवाजावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. सकाळी घरघर झाली की बाबा गेले, संध्याकाळी घरघर झाली की बाबा आले. मधल्या वेळात त्या घरात फ्रीज बोलायचा, एसी बोलायचा, आणि आईने फोडणी घातली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा. आई मग स्टुलावर चढून पदराने त्याला वारा घालायची आणि ‘गप रे बाबा, काही जळलं नाही’ असं त्याला मराठीत समजवायची. दिवसभरात ती ज्याच्याशी बोलली असा तो एकटाच असायचा, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वेळ गेला.

आम्ही नागपूरहून आलो तेव्हा मी शाळेतली शेवटची तीन-चार वर्षं उरलेली मुलगी होते. बाबा आमच्या आधी येऊन टेलिफोनच्या यंत्रांच्या एका कंपनीत लागले होते आणि त्यांनी घर, गाडी, सोफा सगळं तयार ठेवलं होतं. गाडी एकच होती. ‘तुला कुठं जायचंय एकटीला, मी आहे ना, वीकेंडला राइड देतो’ असं ते आईला म्हणायचे, आणि ते प्रेमानेच म्हणायचे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण राइड वीकेंडला आणि आठवडा सात दिवसांचा. पायी जावं तर रस्त्याला फुटपाथ नाही, आणि असला तरी त्या उन्हात त्यावर चिटपाखरू नाही. नागपूरला आई दुपारी जिन्याच्या पायरीवर बसायची. भाजीवाली, पोस्टमन, समोरच्या मालूताई, सगळ्यांशी तिथूनच तिचे दोन दोन शब्द व्हायचे. इथे तिने ती पायरी गराजमध्ये शोधून काढली. बाबा गाडी घेऊन गेले की रिकाम्या गराजचं दार ती अर्ध्यावर उघडायची, फोल्डिंगची खुर्ची टाकायची आणि मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायची.

आता गंमत अशी, की इथल्या तांदळात खडा नसतो. बाबांनी तिला दहादा सांगितलं होतं. ‘अगं, मशीननं क्लीन केलेला असतो, वेस्ट ऑफ टाइम आहे.’ आई ‘हो का?’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेऊन बसायची. समोरून एखादी गाडी गेली की मान वर, गेली की मान खाली. शाळेच्या पिवळ्या बसमधून मी उतरायचे तेव्हा लांबूनच मला ते अर्धं उघडं दार दिसायचं, त्याखालून आईची चप्पल आणि साडीचा काठ. आत गेले की गोळाभात तयार असायचा, वर कढत तेलाची आणि लाल मिरचीची फोडणी. माझ्या हातात ताट देऊन ती समोर बसायची आणि विचारायची, ‘काय झालं आज शाळेत?’ मी म्हणायचे, ‘काही नाही.’ तीही दिवसभराचं मला तेवढंच सांगायची.

फोटोंविषयी सांगायचं तर आधी मंडळाविषयी सांगायला हवं. तेव्हा डॅलसच्या आसपासची सगळी मराठी माणसं एका शाळेच्या कॅफेटेरियात मावायची. गणपती, दिवाळी, संक्रांत, आणि उन्हाळ्यात पार्कमध्ये पिठलं-भाकरी, बस. नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे सगळे एकमेकांच्या बोलण्याला हसायचे आणि एकमेकांवाचून त्यांचं पानही हलायचं नाही. या मंडळाचे फोटोग्राफर म्हणजे देशपांडेकाका. पेशाने हृदयाचे डॉक्टर, पण गळ्यात कॅमेरा असा अडकवायचे की जणू तोच स्टेथोस्कोप. कार्यक्रम संपला, जेवणं झाली की ते खुर्चीवर चढून ओरडायचे, ‘सगळे या रे, कुणी सुटायचं नाही. उंच माणसं मागे, बाळं पुढे, आणि म्हणा मिरची.’ सगळे ‘मिरची’ म्हणायचे आणि फ्लॅश पडायचा. प्रत्येक फोटोच्या दोन-दोन प्रती निघायच्या, एक अल्बमला आणि एक इंडियाला. इंडियाला जाणारा फोटो कसा असावा याचे नियम कुणी सांगितले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. मागे गाडी किंवा फ्रीज किंवा निदान हिरवळ हवी. अंगात नवा स्वेटर हवा. आणि हसू हवं, दात दिसतील असं. नागपूरला मालूताई आईचे ते फोटो सगळ्या बिल्डिंगभर फिरवायच्या आणि उलट टपाली कळवायच्या, ‘तुझा चेहरा किती भरलाय गं, सुखात आहेस.’

शाळेत मी ‘शैला’ची ‘शेला’ झाले होते, आणि शेलाला दुपारच्या सुट्टीत बसायला जागा नव्हती. ज्यांनी कधी परक्या शाळेच्या कॅफेटेरियात हातात ट्रे घेऊन उभं राहून पाहिलंय त्यांनाच हे कळेल. जागा शेकड्यांनी रिकाम्या असतात आणि तुमची एकही नसते. म्हणून मी डबा घेऊन हिंडायचे. हिंडता हिंडता तळघराच्या जिन्याशी एक लाल दिवा दिसला, आणि त्याच्या खालच्या दारातून एक उंच, करड्या केसांची बाई बाहेर आली. ‘आत यायचं तर डबा बाहेर ठेव,’ ती म्हणाली. ‘हळदीचा डाग कागदावरून जात नाही.’ तिला हळद कशी माहीत, हा माझा पहिला प्रश्न होता. या मिसेस ओझोल्स, आमच्या शाळेत फोटोग्राफी शिकवायच्या. त्या दुपारपासून मी त्यांच्या डार्करूममध्ये जे शिरले ते शाळा सुटेपर्यंत बाहेर आलेच नाही म्हणा. अंधारात कुणी एकटं आहे की चौघांत, हे कळत नाही, त्यामुळे तिथे मला फार बरं वाटायचं.

मिसेस ओझोल्स लाटव्हियाच्या. लहान वयात लढाईतून पळून, जर्मनीतल्या छावण्यांमधून इथे आलेल्या. त्यांच्या वर्गातल्या नकाशावर तो देश नव्हताच, सोव्हिएत युनियनच्या गुलाबी रंगात बुडालेला होता. त्यांनी पेनाने त्याची हद्द आखून ठेवली होती, आणि दर सप्टेंबरला ती पुसट झाली की पुन्हा गिरवायच्या. त्यांच्या वडिलांचा तिथल्या एका गावात फोटो स्टुडिओ होता. वर्गाच्या फळीवर जाडजूड पुस्तकं असायची, पॅरिसची, न्यूयॉर्कची, टोकियोची, आणि त्यांच्या टोकाला एक पातळ पुस्तक, पिवळ्या पडलेल्या कागदाचं, लाटव्हियाच्या फोटोंचं. पॅरिसचा एक फोटो उघडायचा, शेजारी त्या पातळ पुस्तकातला एक ठेवायचा आणि विचारायचं, ‘सांग, काय कमी आहे?’ हा त्यांचा आवडता खेळ होता. मी खरंच सांगायचे, की मला काही कमी दिसत नाही. मग कधी त्या खूश व्हायच्या आणि कधी उलट चिडायच्या. ‘नाही, कमी आहे. आम्ही सगळे एकमेकांना ओळखायचो. एकमेकांची पाठ थोपटायचो, बाहेर कोण बघतंय? आणि बाहेर कोण आम्हाला बघतंय?’ एका वाक्यात अभिमान आणि दुसऱ्यात जळफळाट. मला तेव्हा ते कळायचं नाही. आता मंडळाच्या दिवाळी अंकाचं पान उलटताना माझंही अगदी तसंच होतं.

एक दिवस त्यांनी मला विचारलं, ‘तुझ्या देशात कसे फोटो काढतात?’ मी म्हटलं, भारत लहान नाही, तिथे सगळ्या तऱ्हेचे काढतात. त्या म्हणाल्या, ‘भारत नव्हे. तुझ्या घरी जी भाषा बोलता, ती बोलणारे इथे जे आहेत ते. तो तुझा देश. केवढा आहे?’ मी विचार करून म्हटलं, ‘एक कॅफेटेरिया.’ त्या मोठ्याने हसल्या. ‘म्हणजे माझ्याहून लहान. घेऊन ये तुझ्या देशाचे फोटो.’ दुसऱ्या दिवशी मी बुटांच्या खोक्यातून देशपांडेकाकांचे फोटो नेले. मला लाज वाटत होती. रांगेत उभी माणसं, लाल डोळे, कापलेले पाय, मागे कुणाची तरी नवीकोरी गाडी. पॅरिसच्या पुस्तकाशेजारी ते ठेवायचे म्हणजे अंगावर काटाच. मिसेस ओझोल्सनी सगळे टेबलावर पसरले आणि चष्मा काढून, घालून, बराच वेळ पाहिले. हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘यात एकटं कुणीच नाही. एकाही फोटोत एक माणूस नाही. का?’

मला उत्तर येत होतं, पण इंग्रजीत ते फार भीषण वाटलं. आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो काढतात तो पासपोर्टसाठी, नाहीतर लग्न जमवण्यासाठी. आणि एकट्याचा मोठा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावतात तो माणूस गेल्यावर. तोही बहुतेकदा ग्रुप फोटोतून कापून काढलेला असतो, त्यामुळे आमच्या आजोबांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं कायमची राहिली होती. हे सगळं मी अडखळत सांगितलं. मिसेस ओझोल्सनी पॅरिसचं पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात पानापानावर एकटी माणसं होती, खिडकीत, बाकावर, पुलावर. ‘आणि बाकी सगळ्या जगात एकट्या माणसाचा फोटो म्हणजे चांगला फोटो,’ त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. मग मला म्हणाल्या, ‘एक काढून आण. तुझ्या देशातलं एकटं माणूस.’

मला शोधायला लांब जायचं नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती, ऊन तिरकं झालं होतं. मी बसमधून उतरले तर गराजचं दार अर्धं उघडं. शाळेचा कॅमेरा माझ्या दप्तरात होता. आत सगळा काळोख, मधोमध सिमेंटवर बाबांच्या गाडीच्या तेलाचा डाग, आणि गाडीच्या जागेवर एवढ्याशा खुर्चीत आई, साडीवर बाबांचं जुनं जॅकेट, मांडीवर ताट. उन्हाची एक पट्टी तिच्या हातांवर पडली होती. चेहरा कडेने, खाली वळलेला. मी एकच फोटो काढला. आवाज ऐकून तिने मान वर केली आणि लगेच, सवयीने, दात दिसतील असं हसली. ‘थांब, साडी बदलते,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘झालासुद्धा.’ ती नाराज झाली. ‘असा कसा काढलास? एकटीचा? बाबांना येऊ द्यायचं होतंस.’

डार्करूममध्ये तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये टाकला आणि आधी तेलाचा डाग उमटला, मग हात, मग ती. मिसेस ओझोल्स शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चिमट्याने कागद उचलून लाल दिव्याखाली धरला. ‘हा न्यूयॉर्कला जाणार,’ त्या म्हणाल्या. तिथे सगळ्या राज्यांमधल्या शाळांच्या मुलांचं मोठं प्रदर्शन भरायचं, आणि आमच्या शाळेचा एकही फोटो कधी तिथवर गेला नव्हता. ‘हा पॅरिसच्या शेजारी ठेवला तर कमी पडणार नाही. पण आधी तुझ्या आईला दाखव. ती हो म्हणाली तरच.’ मला काय झालं सांगू. त्या शाळेत मला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं, आणि माझा फोटो न्यूयॉर्कच्या भिंतीवर. आईने नाही म्हटलं तर मी पुन्हा डबा घेऊन हिंडणारी शेला, दुसरं काही नाही. मिसेस ओझोल्सनी तो स्वतः पांढऱ्या पुठ्ठ्यावर चढवून काळ्या फ्रेममध्ये बसवून दिला.

आईला दाखवायची वेळ मात्र चुकली. घरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाची धांदल होती. आमच्या घरी पहिल्यांदाच होतं, आणि आईने महिनाभर आधीपासून त्याची स्वप्नं पाहिली होती. तीळ भाजताना अलार्म तीनदा बोंबलला. वाणाला द्यायच्या स्टीलच्या वाट्या नागपूरहून आल्या होत्या. फायरप्लेसवरच्या फळीवर तिने समई ठेवली, ग्रोसरी स्टोअरमधून आणलेली शेवंती बशीत मांडली. ती सकाळपासून स्वयंपाकघरात होती. बाबांनी माझ्या खोलीत फ्रेम पाहिली आणि हरखून गेले. ‘शैला, हे तू काढलंस? अगं, प्रोफेशनल आहे हे. असं लपवून काय ठेवतेस, लोकांना दिसू दे.’ मी ‘आईला अजून’ एवढं म्हणते आहे तोवर त्यांनी ती नेऊन फळीवर मधोमध, समईशेजारी, नीट टेकवून ठेवलीसुद्धा. हळदीकुंकवाच्या घरी पुरुषांचं काम नसतं, म्हणून मग ते देशपांडेकाकांकडे निघून गेले. मी उचलायला हात पुढे केला आणि बेल वाजली.

पहिल्याच आल्या त्या कुलकर्णीकाकू. ह्यूस्टनहून नुकत्याच बदलून आलेल्या, आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं, कुणीतरी फोनवर आमंत्रण दिलं होतं. भारदस्त बाई, मोठं कुंकू, हिरवी पैठणी. दारातच बूट काढून आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर फळीवर गेली. काळी फ्रेम, काळा-पांढरा फोटो, एकटी बाई, शेजारी तेवती समई, पुढे फुलं. काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी बशीतलं एक शेवंतीचं फूल उचललं, फोटोसमोर ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. मागून आणखी चौघी-पाचजणी येत होत्या. आपल्याकडे पुढच्याने हात जोडले की मागचा विचारत नाही, तोही जोडतो. फूल, नमस्कार, फूल, नमस्कार. त्यातल्या दोघी आईला चांगल्या ओळखत होत्या, पण वर मान करून बघतंय कोण? काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणाल्या, ‘आजी का गं तुझी? कधी गेल्या?’ आणि स्वयंपाकघराचं दार ढकलून आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

तिने आधी बायकांकडे पाहिलं, मग त्या सगळ्या जिकडे तोंड करून उभ्या होत्या तिकडे. तो फोटो तिने तोवर पाहिलेला नव्हता. संक्रांतीचं हळदीकुंकू, घर भरून सवाष्णी, आणि समईच्या उजेडात ती स्वतः, फुलांच्या ढिगामागे. खोलीत सगळ्यांना एकदमच उमगलं. कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं आणि अर्ध्यात थांबलं. कुलकर्णीकाकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘ती मीच आहे. जिवंत आहे अजून. चहा घ्या.’

सगळ्या हसल्या, इतक्या हसल्या की दोघीतिघींनी डोळे पुसले. आईने फोटोसमोरची फुलं एकेक करून गोळा केली, ‘वाया कशाला घालवायची’ म्हणत त्यातलं एक स्वतःच्या अंबाड्यात खोचलं आणि बाकीची प्रत्येकीला हळदीकुंकू लावून ओटीत घातली. तिळगूळ झाला, उखाणे झाले, वाट्या वाटल्या. कार्यक्रम उत्तम झाला असंच कुणीही म्हणालं असतं. सगळ्या गेल्यावर तिने फ्रेम उचलली, खिडकीपाशी नेली आणि उभ्याने पाहत राहिली. मी ओरडा खायला तयार होते. ती म्हणाली, ‘मी इतकी एकटी दिसून राहिले का गं?’ मी खाली पडलेल्या पाकळ्या वेचायला लागले. ‘मला वाटायचं कुणाला दिसत नाही,’ ती म्हणाली आणि फ्रेम कोटांच्या कपाटात, भिंतीकडे तोंड करून, ठेवून आली. न्यूयॉर्कचं मी कसंबसं तिला सांगितलं. ‘नको,’ ती म्हणाली. ‘मालूताईच्या कानावर गेलं तर? मी तिला सांगत असते, मजेत आहे.’ बाबा परत आल्यावर त्यांना कुणी काही बोललं नाही, पण ते दोन दिवस आपले आपण भांडी घासत होते.

सोमवारी मी मिसेस ओझोल्सना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या आईच्या नावाने बोटं मोडतील. त्या टेबलाच्या कडेवर बसल्या. ‘माझ्या वडिलांनी एकदा बेकरच्या बायकोचा फोटो काढला होता,’ त्या म्हणाल्या. ‘खरा फोटो. राजधानीत, रीगाला, प्रदर्शनात लागला, लोकांनी वाखाणला. त्यानंतर वर्षभर आमच्या घरी शिळा ब्रेड आला.’ मग त्या फळीवरच्या पुस्तकांकडे हात करून म्हणाल्या, ‘मोठ्या जगाचं सोपं आहे, शेला. पॅरिसच्या फोटोतली बाई कधी चहा घेऊन बाहेर येत नाही. लहान देशात ती येते. तू तिच्यासमोर उभी राहिलीस, हे पुष्कळ झालं. फोटो कपाटात राहू दे.’ आणि त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या तरी निगेटिव्ह धुवायला दिल्या.

त्या दिवशी बसमधून उतरले तर आमच्या ड्राइव्हवेवर एक अनोळखी निळी गाडी. गराजचं दार पूर्ण उघडं होतं. आत दोन खुर्च्या, दोन ताटं. एकीवर आई, दुसरीवर कुलकर्णीकाकू, आणि दोघी खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. माफी मागण्याचा भाग बहुधा होऊन गेला असावा. ‘यात खडे नाहीत हो वहिनी,’ काकू म्हणत होत्या. ‘माहीत आहे,’ आई म्हणाली. काकूंनी मान डोलावली आणि निवडत राहिल्या. मला पाहून म्हणाल्या, ‘शैला ना गं तू? उद्यापासून तुझी आई दुपारी घरी सापडायची नाही. गाडी शिकवतेय तिला. घरी बसून फोटो होण्यापेक्षा बरं.’ आई इतक्या जोरात हसली की तिच्या ताटातले तांदूळ सांडले. ते हसू मी इंडियाला गेलेल्या एकाही फोटोत पाहिलं नव्हतं.

काकू तऱ्हेवाईक मास्तरीण होत्या. ‘वहिनी, ब्रेक, ब्रेक, ब्रेक म्हणजे डावीकडचा’ हे वाक्य आमच्या गल्लीतल्या अमेरिकनांनाही पाठ झालं असेल. आईने मेलबॉक्स पाडला, एकदा नव्हे. पण झाडांना पालवी फुटायच्या आत तिला लायसन्स मिळालं, आणि ते ज्या दिवशी घरी आलं त्या दिवशी ती स्वतः कपाटातून फ्रेम घेऊन माझ्या खोलीत आली. ‘मुदत आहे का अजून? आता पाठव,’ म्हणाली. ‘आता काय, जुना झाला तो.’ मी उडी मारली. ‘पण खाली नाव मी सांगेन ते लिहायचं.’ मिसेस ओझोल्सनी ‘गराजमधली स्त्री’ असं काहीतरी ठरवलं होतं. आई म्हणाली, ‘स्त्री वगैरे काही नाही. लिही, शैलाची आई. मी तुझी वाट बघत होते तेव्हा, बस यायची. पाहणाऱ्याला कळायला नको?’

फोटो न्यूयॉर्कला गेला. मोठ्या भिंतीवर लागला, पुष्कळ लोकांनी पाहिला असणार. आम्हाला काही तिकडे जाता आलं नाही. उन्हाळ्यात तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून परत आला, मागे एक छापील चिठ्ठी, सहभागाबद्दल आभार. बस, एवढंच. कुणी काही म्हणालं का, कुणी थांबून पाहिलं का, ते आजवर मला कळलेलं नाही. जगाने पाहिला आणि काही झालं नाही. एका काकूने चुकीचा पाहिला आणि आईला गाडी आली, मैत्रीण आली. मिसेस ओझोल्सना मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हं. पण जगाला दाखवायला हवाच होता,’ आणि तो अभिमान होता की जळफळाट, ते मला त्याही वेळी ठरवता आलं नाही. त्यांचा देश पुढे नकाशावर परत आला. शाळेने नवा नकाशा आणायच्या आधीच त्या निवृत्त झाल्या होत्या.

मी फोटोग्राफर झाले नाही. आमच्या त्या पिढीत ते बोलायचंसुद्धा नव्हतं. मी रेडिऑलॉजिस्ट झाले, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोंनीच पोट भरलं, आणि त्यातही माणूस एकटाच असतो. आता निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात, अल्फारेटात राहते. माझ्या मुलीच्या, तन्वीच्या, फोनमध्ये हजारांनी फोटो आहेत, त्यातले निम्मे तिचे एकटीचे, तिनेच काढलेले, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्लेनोला गेल्या खेपेला गेले तर ते घर ओळखूच येईना, आणि जवळून चक्क रेल्वे जाते. गराजचं दार बंद होतं.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. बाबा आधीच गेले होते. गाडी तिने फार उशिरा सोडली, आम्ही किल्ल्या लपवल्या तेव्हा. हा हिवाळा तिला पार करता आला नाही. तेराव्याला फोटो हवा म्हणून मी सगळे अल्बम काढून बसले. एकूण एक फोटोत ती होती, आणि एकाही फोटोत एकटी नव्हती. कुणाचा तरी हात, कुणाचं बाळ, कुणाचा पदर. मी कात्री घेऊन बसले होते तेव्हा तन्वी ती जुनी काळी फ्रेम घेऊन आली. ‘मॉम, इट हॅज टु बी द गराज वन. ऑब्व्हियसली.’ मी म्हटलं, ‘तिला एकटीचा आवडायचा नाही गं.’ तन्वी म्हणाली, ‘शी इजंट अलोन. शी वॉज वेटिंग फॉर यू. इट सेज सो.’ आजीने ती गोष्ट तिला पुष्कळदा सांगितली होती, आणि खाली माझ्याच शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, शैलाची आई. मग मी कात्री ठेवून दिली.

फ्रेम फायरप्लेसच्या फळीवर ठेवली, शेजारी समई, पुढे बशीत शेवंती. लोक येत होते, फूल ठेवत होते, हात जोडत होते. कुलकर्णीकाकू डॅलसहून विमानाने आल्या होत्या, या वयात, वॉकर घेऊन. तन्वीने त्यांना धरून फळीपर्यंत आणलं. त्यांनी बशीतलं फूल उचललं आणि फोटोकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या. ठेवेनात. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघींनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून कपांचा आवाज येत होता, तन्वीच्या मैत्रिणी पाहुण्यांसाठी चहा ओतत होत्या. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. मग काकूंनी ते फूल फोटोसमोर ठेवलं.